शिकवण देवाची, हस्ताक्षर माणसांचं

यरुशलेमात यहुद्यांचा मांडवांचा सण चालू होता. सण निम्म्यावर आला तेव्हा येशू मंदिरात गेला आणि शिकवू लागला. ऐकणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली: हा कुणा गुरूकडे शिकलेला नाही, मग याला ही विद्या आली कुठून? योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात हा प्रसंग आहे. येशूचं उत्तर लगेच पुढे येतं: माझी शिकवण माझी नाही, ज्यानं मला पाठवलं त्याची आहे.

ख्रिस्ती शिकवणीचा उगम देवात आहे असं म्हणतात, त्याचं मूळ अशा वचनांत आहे. पण त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात असतो तो नाही. आपल्याकडे वेद अपौरुषेय मानले जातात. कुरआन शब्दशः अवतरलं अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. त्यामुळे बायबलाबद्दलही आपण तसंच गृहीत धरतो, की देवानं सांगितलं, कुणीतरी उतरवून घेतलं आणि ग्रंथ झाला. ख्रिस्ती दावा याहून वेगळा आहे आणि समजायला थोडा अवघड आहे. देव पूर्णपणे बोलला तो एका माणसाच्या रूपानं, आणि त्या माणसाबद्दलची साक्ष म्हणजे बायबलाचा दुसरा भाग, नवा करार. आधी व्यक्ती, मग ग्रंथ. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर पुढचं काहीच नीट लागत नाही.

त्या काळचे यहुदी शास्त्री शिकवताना आधीच्या गुरूंचा हवाला देत. हिल्लेलचं मत असं, शम्मयचं तसं, अशा परंपरेत एखाद्या मुद्द्याचा निवाडा होई. त्याही आधीचे संदेष्टे "परमेश्वर असं म्हणतो" म्हणून सुरुवात करत, म्हणजे निरोप्याची भूमिका घेत. डोंगरावरच्या प्रवचनात येशू या दोन्ही रीती सोडतो. "खून करू नको असं सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे, मी तर तुम्हांला सांगतो..." हा "मी तर" मत्तयाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा पुन्हा येतो. शास्त्र्यांसारखा नव्हे, तर अधिकार असल्यासारखा तो शिकवतो म्हणून लोक थक्क झाले, असं मत्तयानंच नोंदवलं आहे.

इथे एक गाठ पडते. एकीकडे "मी सांगतो", दुसरीकडे "माझी शिकवण माझी नाही". ही गाठ सोडवायला मंडळीला, म्हणजे चर्चला, तीन शतकं लागली. अलेक्झांड्रियातला एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता, की पुत्र सर्वश्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. तो नव्हता अशी एक वेळ होती. ३२५ साली निकिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, भरलेल्या परिषदेनं हे मत फेटाळलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्दांचा कीस वाटतो. पण पणाला जे लागलं होतं ते आपल्या विषयाचं अगदी मर्म आहे. पुत्र निर्माण केलेला असेल तर शिकवण कितीही उदात्त असली तरी ती दूतामार्फत आलेली, दुसऱ्या हातची ठरते. तो पित्याशी एक असेल तर ऐकणाऱ्यानं थेट उगमाचाच आवाज ऐकला. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला जाणारा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचं ठरलेलं निवेदन, आजही असंख्य चर्चमध्ये उपासनेत म्हटला जातो.

मंदिरातल्या त्या उत्तराला एक पुढचं वाक्यही आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. ही शिकवण देवाची की मी मनानं बोलतो, हे कुणाला कळेल? ज्याला देवाच्या इच्छेप्रमाणे करायचं आहे त्याला, असं येशू म्हणतो. म्हणजे पुरावा आधी आणि आचरण नंतर, असं नाही. करायला तयार असणं हीच कळण्याची अट आहे. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण दैवी अधिकार सांगणारा माणूस बहुधा आज्ञापालन मागतो, पडताळा देऊ करत नाही.

आता लिहिलेल्या शब्दाकडे येऊ. देवाचा शब्द माणसांच्या हातून कसा जातो हे बायबल स्वतःच लपवत नाही. आमोस म्हणतो, मी संदेष्टा नाही की संदेष्ट्याचा मुलगा नाही. मी गुरं राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा, कळपामागून परमेश्वरानं मला उचललं. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायातली गोष्ट तर डोळ्यांसमोर उभी राहते. यिर्मया सांगतो आणि त्याचा लेखक बारूख शाईनं गुंडाळीवर उतरवून घेतो. ती गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाते. हिवाळा आहे, राजापुढे शेगडी पेटलेली आहे. तीन-चार स्तंभ वाचून झाले की तेवढा तुकडा लेखणीच्या चाकूनं कापायचा आणि विस्तवात टाकायचा, असं करत करत सगळी गुंडाळी जळून जाते. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूख पुन्हा सगळं लिहितो, आणि शेवटी एक साधं वाक्य येतं: तशाच आणखी पुष्कळ वचनांची त्यात भर घालण्यात आली. म्हणजे देवाचा म्हणून मानलेला शब्द जळू शकतो, पुन्हा लिहावा लागतो, आणि दुसऱ्या वेळी वाढतोही. असं वर्णन करणाऱ्यांच्या मनात आकाशातून अखंड उतरलेल्या पोथीची कल्पना नव्हती, हे उघड आहे.

येशूनं स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. तो अरामी बोलत असे; त्याच्याबद्दलचं सगळं लेखन आपल्यापर्यंत आलं ते ग्रीकमध्ये. त्यातलं सर्वांत जुनं म्हणजे येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या पौलाची पत्रं, वधस्तंभाच्या घटनेनंतर साधारण वीस वर्षांनी लिहिलेली. मार्काचं शुभवर्तमान अभ्यासक इ.स. ७०च्या आसपास ठेवतात. लूक तर सुरुवातीलाच सांगतो, की पुष्कळांनी ही हकीकत लिहायला घेतली आहे, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं त्यांनी ती आमच्याकडे सोपवली, म्हणून मीही सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन ती क्रमानं लिहितो. माणसांना विचारून, आधीचं वाचून, ताडून लिहिणाऱ्या एका माणसाची ही प्रस्तावना आहे. आणि हाच मजकूर ख्रिस्ती मंडळी देवप्रेरित मानते.

पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढून सातवा अध्याय वाचावा. विवाहाबद्दल तो दहाव्या वचनात म्हणतो: ही आज्ञा मी नाही, प्रभू देतो. दोनच वचनं पुढे: बाकीच्यांना मी सांगतो, प्रभू नाही. पंचविसाव्या वचनात: अविवाहितांविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, पण माझं मत देतो. आणि अध्यायाच्या शेवटी: मलाही देवाचा आत्मा आहे असं मला वाटतं. प्रभूचं कोणतं आणि माझं कोणतं, हे तो वेगवेगळं ठेवतो. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो म्हणतो, की क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज तुमच्यातल्या कुणाचाही मी बाप्तिस्मा केला नाही. मग आठवतं, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. त्याशिवाय आणखी कुणाचा केला असेल तर लक्षात नाही. रोमकरांस पत्रात ते लिहून घेणारा तर्तिय मध्येच स्वतःच्या नावानं नमस्कार सांगतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणि चर्मपत्रं येताना घेऊन ये, असा निरोप आहे. ही सगळी वचनं पवित्र शास्त्राचा भाग आहेत. कुणी ती पुसली नाहीत, आणि ख्रिस्ती परंपरेची ही मोठी मिळकत आहे असं मी मानतो.

मग "देवप्रेरित" म्हणजे काय? तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित आहे असं म्हटलं आहे आणि लगेच त्याचा उपयोगही सांगितला आहे: शिकवण, दोष दाखवणं, सुधारणा, नीतिशिक्षण. पेत्राचं दुसरं पत्र म्हणतं, की पवित्र आत्म्यानं प्रेरित झालेली माणसं देवाकडून बोलली. बोलली माणसंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जाहीर केलेल्या दस्तऐवजात कॅथॉलिक मत नेमकं मांडलं आहे: देवानं निवडलेल्या माणसांनी स्वतःची बुद्धी आणि शक्ती वापरून लिहिलं, ते खरेखुरे लेखक होते, आणि तरीही देवाला लिहवून घ्यायचं होतं तेच त्यांनी लिहिलं. म्हणून इतिहास, काव्य, भविष्यवाणी हे प्रकार ओळखून वाचावं, असंही तो दस्तऐवज सांगतो. शास्त्रात एकही चूक नाही असं ठासून मांडणारं १९७८ सालचं शिकागोचं इव्हँजेलिकल निवेदनसुद्धा याबाबतीत वेगळं नाही. लेखकांचे स्वभाव आणि शैली देवानं वापरल्या, दडपल्या नाहीत, असं तेही म्हणतं. जिथे मतभेद आहे तो पुढे: या शास्त्राची अचूकता कोणत्या बाबतीतली? कॅथॉलिक दस्तऐवजाचा भर तारणासाठी लागणाऱ्या सत्यावर आहे. शिकागोवाल्यांच्या मते इतिहास आणि सृष्टीबद्दलची विधानंही त्यात येतात.

कोणती पुस्तकं देवप्रेरित, हेही एका दिवसात ठरलं नाही. दुसऱ्या शतकात मार्कियोननं रोममध्ये जुना करार बाजूला टाकून फक्त लूक आणि पौलाची दहा पत्रं, तीही काटछाट करून, ठेवली. मंडळीनं त्याला बाहेर काढलं, पण यादीची गरज सगळ्यांना पटली. इब्री लोकांस पत्र, प्रकटीकरण, पेत्राचं दुसरं पत्र यांवर बराच काळ एकमत नव्हतं. आज नव्या करारात असलेल्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. जुन्या कराराबद्दल तर आजही एकवाक्यता नाही: प्रोटेस्टंट बायबलात एकूण ६६ पुस्तकं, कॅथॉलिक बायबलात ७३.

आणि इथेच खरा वाद सुरू होतो. शिकवणीचा उगम देव, यावर सगळे ख्रिस्ती एक आहेत. भांडण आहे ते आज, आपल्या गावात, आपल्या प्रश्नावर देव काय म्हणतो हे कुणी सांगायचं, यावरून.

याचं पहिलं उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात, म्हणजे इ.स. ५०च्या आगेमागे घडलं. यहुदी नसलेले लोक विश्वास ठेवू लागले होते. त्यांनी सुंता करून घ्यावी का? येशूचं यावर थेट वचन नव्हतं, आणि जुन्या शास्त्रात सुंतेची आज्ञा स्पष्ट होती. यरुशलेमात प्रेषित, म्हणजे येशूनं पाठवलेले शिष्य, आणि मंडळीचे वडील जमले, पुष्कळ वादविवाद झाला. पेत्रानं स्वतः पाहिलेलं सांगितलं, की आत्मा त्यांनाही मिळाला. पौल आणि बर्णबानं आपले अनुभव मांडले. याकोबानं आमोसाचं वचन काढलं. निर्णय झाला: सुंतेचं ओझं घालायचं नाही. तो कळवणाऱ्या पत्रातले शब्द असे आहेत: "पवित्र आत्म्याला आणि आम्हांला योग्य वाटलं". अनुभव, शास्त्र, चर्चा आणि अधिकारी माणसं, असं सगळं त्या बैठकीत होतं. पुढची प्रत्येक परंपरा यातलं एकेक सूत्र हाती धरून उभी राहिली.

ऑर्थोडॉक्स मंडळ्या सात मोठ्या परिषदा आणि उपासनेतून चालत आलेली परंपरा प्रमाण मानतात. कॅथॉलिक चर्च म्हणतं, की शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली परंपरा एकाच दैवी झऱ्यातून वाहतात आणि त्यांचा अधिकृत अर्थ लावण्याचं काम पोप आणि बिशपांकडे आहे. पण हे काम देवाच्या शब्दाहून वरचं नाही, त्याच्या सेवेचं आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं १५२१ साली वर्म्सच्या सभेत सांगितलं, की पोप आणि परिषदा चुकलेल्या आहेत, माझी सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाशी बांधलेली आहे. त्यातून "केवळ शास्त्र" हे प्रोटेस्टंट तत्त्व आलं. त्यावर कॅथॉलिक विचारतात, की शास्त्राची यादी तरी कुणी ठरवली? प्रोटेस्टंट उत्तर देतात, की मंडळीनं ती ओळखली, तिला अधिकार दिला नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात जोर आहे, आणि हा वाद एका वाक्यात निकालात काढणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पोपच्या अचूकतेबद्दलचा गैरसमज मात्र एका परिच्छेदात दूर होऊ शकतो. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं जे ठरवलं त्यानुसार पोप आपल्या पदाच्या पूर्ण अधिकारानं, विश्वास किंवा नीतीची एखादी शिकवण सगळ्या चर्चसाठी कायमची जाहीर करतो तेव्हाच ती चुकीपासून राखलेली मानतात. त्यानंतर हा अधिकार अशा रीतीनं वापरला गेला तो एकदाच, १९५० साली, मरियेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल, म्हणजे तिला देहासह स्वर्गात घेतलं गेलं याबद्दल. पोपला नवा साक्षात्कार होतो असा कॅथॉलिक दावा नाही. देवाचं सगळ्यांसाठी स्वतःला प्रकट करणं प्रेषितांच्या काळाबरोबर पूर्ण झालं, अशी शिकवण आहे. लूर्दला १८५८ साली आणि फातिमाला १९१७ साली झालेली मरियेची दर्शनं चर्चनं मान्य केली आहेत, वसई-बांद्र्याच्या घरांतून लूर्दच्या मातेच्या मूर्ती आहेत; तरीही त्या दर्शनांवर विश्वास ठेवणं कुणाही कॅथॉलिकावर बंधनकारक नाही.

हा सगळा प्रश्न एका मराठी बाईनं स्वतःच्या आयुष्यात जसा भोगला तसा फार थोड्यांनी. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे झाला. तिथल्या अँग्लिकन भगिनींची अपेक्षा होती, की त्यांनी चर्चची शिकवण नम्रपणे स्वीकारावी. रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याबद्दल, विश्वासांगीकारांबद्दल. १८८५ सालच्या पत्रात त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा: भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं आत्ताच सुटले आहे, पाद्र्यांकडून येणारं सगळं परमेश्वराची आज्ञा म्हणून मानून तसंच दुसरं जोखड मी मानेवर घेणार नाही. त्या देवाचा अधिकार नाकारत नव्हत्या. देवाच्या नावानं बोलणाऱ्या माणसांना त्या देवापासून वेगळं काढत होत्या. संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेल्या आणि त्यांच्या आधारानं बायकांवर काय लादलं गेलं हे पाहिलेल्या बाईला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नव्हता.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलाचं साध्या मराठीत भाषांतर केलं. मिशनचा स्वतःचा छापखाना होता आणि तिथे बायकाच काम करत. १९२२ साली रमाबाई गेल्या. सगळं भाषांतर १९२४ साली छापून निघालं. शिकवण देवाची असेल तर ती गावच्या बाईला मध्यस्थाशिवाय वाचता आली पाहिजे, हा विचार त्या कामामागे मला स्पष्ट दिसतो. त्याच मुक्तीत १९०५ साली प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली-बायका मोठमोठ्यानं प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध चळवळ पुढच्या वर्षीची. आत्मा आजही थेट शिकवतो, असं मानणाऱ्या पेंटेकॉस्टल परंपरेच्या इतिहासात केडगावचं नाव त्यामुळे येतं. पण आत्म्याच्या नावावर काहीही खपतं, ही भीती अगदी सुरुवातीपासून आहे. पौलानंच नियम घालून दिला, की दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी त्याची पारख करावी. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करा, असं बजावलं आहे.

परीक्षा कशानं करायची? येशूनं शास्त्र कसं वाचलं हे पाहिलं तर एक वाट दिसते. नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या परूशांनी घटस्फोटाबद्दल मोशेची आज्ञा पुढे केली तेव्हा तो म्हणाला, तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे मोशेनं ही आज्ञा लिहून दिली. म्हणजे शास्त्रातलीच एक आज्ञा माणसाच्या कठोरपणाशी केलेली तडजोड आहे, असं तो सांगतो. सगळं नियमशास्त्र दोन आज्ञांवर टांगलेलं आहे, असंही तो म्हणतो: देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन यानं यावरूनच वाचण्याचा नियम काढला: ज्याच्या अर्थातून ही दुहेरी प्रीती वाढत नाही, त्याला शास्त्र कळलेलंच नाही. गुलामगिरीच्या काळात मळेवाले पौलाची वचनं दाखवत आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे ख्रिस्तीही बायबलच उघडत, तेव्हा निवाडा वचनांच्या संख्येवर झाला नाही.

सगळे प्रश्न इतक्या सरळ सुटलेले नाहीत. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं पहिल्यांदा स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलं, की स्त्रियांना ही दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला मुळीच नाही. त्यांचं म्हणणं असं, की येशूनं बारा पुरुष निवडले, ही रचना त्याची आहे, आमची नाही, म्हणून ती बदलणं आमच्या हातात नाही. दीक्षेच्या बाजूचे लोक पौलाचं दुसरं वचन पुढे करतात: ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री हा भेद नाही. ही शिकवण आमची नाही, आम्हांला मिळालेली आहे, असंच दोघेही म्हणतात. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांतही ही फूट आहे: चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, कॅथॉलिक चर्चमध्ये मिळत नाही.